पसंतीक्रम नेमका कोणाचा? शिरोलीच्या एका फौंड्रीत एन्क्रिप्शन बसवतानाचे प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत पंपाची कास्टिंग करणारी एक मध्यम आकाराची फौंड्री आहे. तिच्या जर्मनीतील ग्राहकाने नव्या इम्पेलरची ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी एक अट घातली. यापुढची सर्व ड्रॉइंग आणि तपासणी अहवाल ओपनपीजीपी या खुल्या पद्धतीने एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे ठरलेल्या माणसालाच वाचता येईल असे कुलूपबंद करूनच, पाठवायचे आणि स्वीकारायचे, अशी ती अट होती. तोपर्यंतची रीत अशी होती की ड्रॉइंगची झिप फाइल करायची, तिला पासवर्ड म्हणून कंपनीचे नाव आणि चालू साल द्यायचे आणि तोच पासवर्ड व्हॉट्सअॅपवर कळवायचा. मालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता, "आमच्याकडे जीएसटीचं आणि टेंडरचं डिजिटल सिग्नेचर टोकन हाय की, त्यातच हे बसत न्हाई काय?"

प्रश्न रास्त होता आणि त्याच्या उत्तरातच पुढच्या सगळ्या कामाची दिशा होती. त्या टोकनमध्येही सार्वजनिक आणि खाजगी अशी किल्ल्यांची जोडीच असते. सार्वजनिक किल्लीने कोणीही संदेश कुलूपबंद करू शकतो, तो उघडायला आणि स्वाक्षरी करायला मात्र आपल्याजवळची खाजगी किल्ली लागते. मात्र ती किल्ली अमुक माणसाची आहे ही ग्वाही सरकारने परवाना दिलेली संस्था कागदपत्रे तपासून देते. ओपनपीजीपीमध्ये अशी ग्वाही देणारी मध्यस्थ संस्था नसते. किल्ली आपण स्वतः बनवतो, समोरच्याची किल्ली त्याचीच आहे हे आपणच पडताळतो आणि कोणती अल्गोरिदम, म्हणजे कुलूप लावण्याची गणिती रीत, वापरायची याचा पसंतीक्रमही आपणच ठरवतो. स्वातंत्र्य मोठे आहे, पण चूक झाल्यास ती सांगायलाही दुसरे कोणी नसते. या प्रकरणातील चूक एका प्रोग्रॅमने सांगितली, आणि सुरुवातीला आम्हाला तिचा रागच आला होता.

ड्रॉइंग वाचणारी माणसे तीन होती: स्वतः मालक, ड्रॉइंग विभाग सांभाळणाऱ्या ताई आणि शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचे, म्हणजे साच्यासाठीच्या लाकडी नमुन्यांचे, दुकान असलेले एक ज्येष्ठ पॅटर्नमेकर, ज्यांना सगळे काका म्हणतात. काका या कारखान्याचे नोकर नाहीत, पण त्यांच्या हातचा पॅटर्न आल्याशिवाय इथे साचा भरला जात नाही. मालकांना तिघांत मिळून एकच किल्ली हवी होती. मी ते मान्य केले नाही. एकच किल्ली तीन संगणकांवर ठेवली तर त्यांतले एक माणूस काम सोडून गेल्यावर ती सर्वांसाठीच बदलावी लागते आणि स्वाक्षरी कोणी केली हेही कळत नाही. म्हणून प्रत्येकाची किल्ली वेगळी आणि संदेश तिघांनाही एन्क्रिप्ट केलेला, असे ठरले.

ग्राहकाकडे जीपीजी४विन हा विंडोजसाठीचा ओपनपीजीपी संच होता, म्हणून आम्हीही तोच घेतला. हा संच जर्मनीच्याच माहिती-सुरक्षा कार्यालयाच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याच्या गाभ्यात वेर्नर कॉख यांनी सुरू केलेला ग्नूपीजी हा प्रोग्रॅम असतो आणि खिडकी-बटणांसाठी क्लिओपात्रा नावाचा भाग असतो. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीजीपीपासून ही परंपरा सुरू होते. तिचा आरएफसी ४८८० हा प्रमाण-दस्तऐवज २००७ मध्ये आला आणि त्याची सुधारित आवृत्ती आरएफसी ९५८० ही २०२४ मध्ये आली. हा इतिहास फौंड्रीत सांगण्याचे कारण एवढेच की या तंत्रात तीस वर्षांपूर्वीच्या सवयी आणि आजच्या सवयी एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी नांदतात आणि जुनी सवय कुठून आत शिरेल ते सांगता येत नाही.

मालकांच्या पुतण्याला संगणकाची चांगली जाण आहे. मी पोहोचण्यापूर्वीच त्याने इंटरनेटवरून "सर्वांत सुरक्षित" अशी एक जीपीजी डॉट कॉन्फ, म्हणजे ग्नूपीजीच्या सेटिंगची फाइल, मिळवून बसवली होती. आम्ही ती एकेक ओळ करून वाचली, आणि या संपूर्ण कामातला माझा सर्वाधिक वेळ तिथेच गेला.

पहिली ओळ सार्वजनिक किल्ल्या साठवून सर्वांना देणाऱ्या सर्व्हरची होती आणि तो सर्व्हर-समूह २०२१ मध्येच बंद झाला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात कोणीतरी जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवरील काही किल्ल्यांना हजारो निरर्थक स्वाक्षऱ्या चिकटवल्या, तेव्हा त्या किल्ल्या आयात करणारे प्रोग्रॅम अक्षरशः अडकून पडत होते. आम्हाला चारच जणांच्या किल्ल्या हव्या होत्या. त्या ईमेलने मागवून फोनवर पडताळणे अधिक सोपे होते, म्हणून ती ओळ काढून टाकली.

त्यानंतर पासफ्रेजपासून, म्हणजे लांब पासवर्डपासून, किल्ली तयार करताना किती फेऱ्या करायच्या हे सांगणाऱ्या एस२के नावाच्या तीन ओळी होत्या आणि त्यातला आकडा ६,५०,११,७१२ होता. आकडा भारदस्त दिसतो. परंतु ग्नूपीजीच्या २.१ आवृत्तीपासून खाजगी किल्ली जपण्याचे काम जीपीजी-एजंट हा वेगळा भाग करतो आणि संगणकाचा वेग मोजून साधारण एक दशांश सेकंद लागेल इतक्या फेऱ्या तो स्वतःच ठरवतो. त्या तीन ओळी केवळ पासवर्डवर एन्क्रिप्ट केलेल्या फायलींसाठी उरतात आणि तसे काम इथे कोणीच करणार नव्हते. म्हणजे ज्या ओळींमुळे आपली किल्ली अधिक भक्कम झाली असे पुतण्याला वाटत होते, त्यांचा त्या किल्लीशी संबंधच नव्हता. उलट त्याच फाइलच्या जोडीला आलेल्या एजंटच्या फाइलमध्ये पासफ्रेज चोवीस तास लक्षात ठेवण्याची सूचना होती. ड्रॉइंग विभागातल्या त्या संगणकावर दुपारच्या शिफ्टचे सुपरवायझर हजेरीही भरतात. तिथे मूळची ६०० सेकंदांची मर्यादाच योग्य होती आणि ती आम्ही परत आणली.

खरा मुद्दा पुढच्या दोन ओळींचा होता. फाइलमध्ये "सायफर-अल्गो एईएस२५६" अशी ओळ होती (एईएस ही आजची प्रचलित अल्गोरिदम) आणि तिच्याच खाली "पर्सनल-सायफर-प्रेफरन्सेस" या शब्दांनी सुरू होणारी दुसरी ओळ होती. दोन्हींचा अर्थ एकच आहे असे समजून अनेक जण त्या एकत्र लिहितात, पण त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. पहिली ओळ समोरच्याला काय वाचता येते याचा विचार न करता तीच अल्गोरिदम लादते. ग्नूपीजीची स्वतःची माहितीपुस्तिकाही तिचा वापर टाळायला सांगते. दुसरी ओळ आपली पसंती सांगते आणि प्रोग्रॅम सर्व प्राप्तकर्त्यांच्या किल्ल्यांत नोंदलेल्या यादीशी ती जुळवून, सर्वांना चालणाऱ्या अल्गोरिदमांतून आपल्या पसंतीची निवडतो. मी पहिली ओळ काढली आणि दुसरी ठेवली: एईएस२५६, एईएस१९२, एईएस या क्रमाने. हॅशसाठीही, म्हणजे स्वाक्षरीपूर्वी मजकुराचा ठसा काढणाऱ्या गणितासाठीही, त्याच प्रकारे एसएचए५१२, एसएचए३८४, एसएचए२५६ असा क्रम दिला.

पुतण्याने विचारले की मग सक्ती करण्यात वाईट काय. मी त्याला सांगितले की सक्ती केली तर दोष दिसतच नाही, फक्त समोरच्या माणसाला संदेश उघडता येत नाही आणि तो आपल्याला दोष देतो. पसंती दिली तर दोष समोर येतो. तो कसा समोर येतो हे आम्हाला दोनच दिवसांत पाहायला मिळाले.

मालक आणि ताई यांच्या किल्ल्या २५५१९ या वक्रावरील, म्हणजे नव्या प्रकारच्या, होत्या. हा प्रकार ग्राहकाच्या प्रोग्रॅमला चालतो का, हे आधी विचारून घेतले होते. चालला नसता तर आम्ही आरएसए या जुन्या प्रकारची ३०७२ बिटांची किल्ली केली असती आणि त्यात काही कमीपणा नव्हता. मुदत दोन वर्षांची ठेवली. काकांकडे मात्र आधीपासूनच किल्ली होती. २००१ मध्ये व्हॉल्व्हचे पॅटर्न परदेशी पाठवत असताना त्यांनी त्या वेळच्या पीजीपी प्रोग्रॅममध्ये ती बनवून घेतली होती आणि मुलाने २०१७ च्या सुमारास तीच जीपीजी४विनच्या तेव्हाच्या आवृत्तीत आणून ठेवली होती. त्यानंतर त्या संगणकावर काहीही अद्ययावत केलेले नव्हते. पासफ्रेज त्यांच्या पॅटर्न रजिस्टरच्या शेवटच्या पानावर, सागवानाच्या दरांच्या खाली, पेन्सिलीने लिहिलेली होती. किल्ली जिवंत आहे याचा त्यांना अभिमान होता आणि तो मला समजत होता. इतक्या वर्षांत उद्यमनगरातल्या कितीतरी दुकानांचे पासवर्ड हरवले असतील.

चाचणी म्हणून काकांनी मालक, ताई आणि स्वतः अशा तिघांना एन्क्रिप्ट केलेला एक संदेश पाठवला. तो फौंड्रीत उघडलाच नाही. प्रोग्रॅमने सांगितले की संदेशाला अखंडतेचे संरक्षण, म्हणजे वाटेत बदल झाल्यास तो ओळखण्याची सोय, नाही, म्हणून तो उघडण्यास मुद्दाम नकार देण्यात येत आहे. खाली एक सूचनाही होती: हा संदेश २००३ पूर्वीचा असेल तर तो बहुधा खरा असावा, कारण तेव्हा असे संरक्षण सर्रास वापरात नव्हते. संदेश त्याच दिवशी सकाळी पाठवलेला होता. प्रोग्रॅमच्या वरच्या ओळीत एका जुन्या अल्गोरिदमचे नाव होते, ३डीईएस.

पुतण्याने पाच मिनिटांत उपाय शोधला. "इग्नोर-एमडीसी-एरर" हा, संरक्षण नसल्याकडे दुर्लक्ष करणारा, पर्याय फाइलमध्ये घातला की संदेश उघडतो. तो उघडलाही. मालक म्हणाले, "झालं की मग. आता ग्राहकाला कळवून टाका." मी त्यांना थांबवले आणि तिथेच बसून हा संदेश का नाकारला गेला ते उलगडून सांगितले.

ओपनपीजीपीचा संदेश चार जणांना पाठवला तरी तो चार वेळा एन्क्रिप्ट होत नाही. प्रत्येक संदेशासाठी एक तात्पुरती किल्ली तयार होते, मजकूर तिने एकदाच कुलूपबंद होतो आणि ती तात्पुरती किल्ली तेवढी प्रत्येकाच्या सार्वजनिक किल्लीने वेगळी बंद केली जाते. पेटी एकच आणि तिची किल्ली चार पाकिटांत, असा हा व्यवहार आहे. पेटी एकच असल्यामुळे तिचे कुलूप सर्वांना उघडता येईल असेच निवडावे लागते. काकांच्या किल्लीत नोंदलेल्या यादीत एईएसचे नाव नव्हते. एईएस अमेरिकेचे प्रमाण झाले तेच मुळी नोव्हेंबर २००१ मध्ये, आणि काकांचा प्रोग्रॅम त्याहून जुना होता. नव्या किल्ल्यांच्या यादीत काकांच्या यादीतली कास्ट५ आणि आयडिया ही जुनी नावे नव्हती. दोन्ही याद्यांत समान असे एकच नाव उरले, आणि आरएफसी ४८८० नुसार ते प्रत्येक यादीच्या शेवटी लिहिलेले नसले तरी गृहीत धरले जाते: ३डीईएस. काकांनी तो संदेश स्वतःलाही एन्क्रिप्ट केला होता, म्हणून त्यांच्याच जुन्या यादीने मालकांचा आणि ताईंचा संदेश खाली ओढला. पुतण्याची फाइल कितीही कडक असती तरी याला अटकाव झाला नसता, कारण तिच्यात असलेली पसंती याद्यांच्या छेदापलीकडे जाऊ शकत नाही आणि जाऊही नये.

अखंडतेच्या संरक्षणाची गोष्ट यालाच जोडलेली होती. त्या काळच्या किल्लीत हे संरक्षण समजत असल्याची खूण नसे. ३डीईएससारखी ६४ बिटांच्या ठोकळ्यांची अल्गोरिदम आणि खूण नसलेली किल्ली असा योग जुळला की जुन्या ग्नूपीजीने संरक्षणाशिवाय संदेश बनवावा, असा तेव्हाचा नियम होता. मे २०१८ मध्ये जर्मन संशोधकांनी ईफेल नावाने दाखवून दिले की असा संदेश किल्ली हाती नसतानाही वाटेत बदलता येतो आणि काही ईमेल प्रोग्रॅमांकडून त्याचा मजकूर बाहेर काढून घेता येतो. त्यानंतर लगेच जूनमध्ये आलेल्या २.२.८ आवृत्तीपासून ग्नूपीजी असे संदेश उघडण्यास नकार देते आणि स्वतः नेहमीच संरक्षणासह संदेश बनवते.

काकांना हे सारे एका वाक्यात पटले. ते म्हणाले, "म्हणजे ड्रॉइंगवरचा एक आकडा मधेच कुणी बदलला, तर मला कळायचंच न्हाई." बिडाच्या कास्टिंगला साधारण एक टक्का आकुंचन धरून ते पॅटर्न बनवतात. मूळ मापातच दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर सागवानही जाते आणि चार दिवसांची मजुरीही जाते. सुरक्षेच्या पुस्तकात गोपनीयतेला पहिला मान असतो, परंतु पॅटर्नच्या दुकानात मजकूर बदललेला नाही ही खात्री अधिक मोलाची असते. म्हणूनच मी त्यांना आग्रहाने सांगितले की नुसते एन्क्रिप्ट करून थांबायचे नाही, प्रत्येक ड्रॉइंगवर पाठवणाऱ्याची स्वाक्षरीही हवी. एन्क्रिप्शन कोणीही करू शकतो, कारण सार्वजनिक किल्ली सर्वांकडे असते. पाठवणारा कोण हे फक्त स्वाक्षरी सांगते.

उपाय दोन होते आणि दोन्हींवर मी विचार केला. पहिला असा की जुनी किल्ली ठेवायची, प्रोग्रॅम अद्ययावत करायचा, एडिट-की मध्ये सेटप्रेफ ही आज्ञा देऊन तिची यादी नवी करायची आणि बदललेली सार्वजनिक किल्ली सर्वांना पुन्हा पाठवायची. हे पुन्हा पाठवणे बहुतेक जण विसरतात आणि मग दुसऱ्यांच्या संगणकावर जुनीच यादी राहते. केवळ प्रोग्रॅम नवा केला असता तर अखंडतेचे संरक्षण मिळाले असते, पण यादी तशीच राहिली असती आणि आम्हाला ती कदाचित कधी दिसलीही नसती. दुसरा उपाय नवी किल्ली करण्याचा होता. काकांची किल्ली १०२४ बिटांच्या डीएसएची, म्हणजे आज अपुऱ्या लांबीची, होती आणि तिच्यावरील स्वतःची स्वाक्षरी एसएचए-१ या जुन्या हॅशने केलेली होती. २०२० च्या जानेवारीत गेतां लरां आणि तोमा पेरां यांनी याच हॅशवर निवडक-पूर्वपद टक्कर घडवून, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा काढून, पीजीपी किल्ल्यांवरील स्वाक्षऱ्यांचीच नक्कल दाखवली होती. यादी दुरुस्त केली तरी पायाच कच्चा राहिला असता. म्हणून नवी किल्ली केली आणि जुनी "बदलण्यात आली" या कारणाने रद्द केली. मात्र ती खोडून टाकली नाही, कारण जुने पत्रव्यवहार वाचायला ती लागेल. काकांचा संगणकही त्याच दिवशी अद्ययावत झाला.

फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची ओळख पटवणारा आकडे-अक्षरांचा ठसा, पडताळण्याचे काम मी फोनवरच करवून घेतले. चाळीस अक्षरे, चार-चारच्या दहा गटांत. पॅटर्नच्या दुकानात रंधा चालू असल्यामुळे "बी" आणि "डी" ऐकू येत नव्हते. काकांनी रंधा बंद करायला सांगितला आणि "बी म्हणजे बॉक्स, डी म्हणजे डाय" अशी आपली रीत बसवली. ग्राहकाकडच्या अभियंत्याशी ताईंनी इंग्रजीत बोलून तेच केले, फोन नंबर मात्र ईमेलच्या खाली असलेला घेतला नाही, जुन्या खरेदी आदेशावरचा घेतला. ज्या ईमेलमधून किल्ली आली त्याच ईमेलमधला नंबर वापरला असता तर पडताळणीला काही अर्थच राहिला नसता. आठ अक्षरांचा लहान ओळखक्रमांक पाहून समाधान मानू नये, कारण तशा सारख्या दिसणाऱ्या किल्ल्या मुद्दाम बनवता येतात, हे २०१४ मध्येच उघडपणे दाखवले गेले आहे.

एक गोष्ट मला शेवटी सुचली आणि ती आधीच सुचायला हवी होती. ताईंच्या पहिल्या खऱ्या ईमेलचा मजकूर उत्तम एन्क्रिप्ट झालेला होता, पण विषयाच्या जागी ड्रॉइंगचा क्रमांक आणि ग्राहकाचे नाव स्पष्ट लिहिलेले होते, आणि जोडलेल्या फाइलचे नावही तेच होते. विषय आणि फाइलचे बाहेरचे नाव कुलूपबंद होत नाही. तेव्हापासून विषयात फक्त तारीख लिहितात आणि फाइलला अनुक्रमांक देतात.

खाजगी किल्ल्यांच्या प्रती कुठे ठेवायच्या हा प्रश्न कोल्हापुरात पावसाळ्याशी जोडलेला आहे. शिरोली आणि शहर यांच्यामध्ये पंचगंगा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि मालकांना काही दिवस कारखान्यात जाता आले नाही. प्रत फक्त कारखान्याच्या कपाटात असती तर त्या दिवसांत तिचा उपयोग नव्हता. म्हणून एक पेनड्राइव्ह कारखान्यातील तिजोरीत आणि दुसरा शहरातील घरी ठेवला. ग्नूपीजी किल्लीबरोबर आपोआप तयार करत असलेली रद्द-प्रमाणपत्रे, म्हणजे किल्ली हरवली तर ती रद्द जाहीर करणारे दाखले, कागदावर छापून वेगळ्या पाकिटात घरीच ठेवली. मग एका जुन्या लॅपटॉपवर मालकांनी स्वतः, माझ्या मदतीशिवाय, पेनड्राइव्हवरून किल्ली परत आणून एक ड्रॉइंग उघडून पाहिले. पहिल्या प्रयत्नात पासफ्रेज चुकली, दुसऱ्यात उघडले.

मुदत वाढवण्याचा दिवस आम्ही खंडेनवमीचा ठेवला आहे. त्या दिवशी भट्टी बंद असते, यंत्रे पुसून त्यांची पूजा होते आणि मालक, ताई, काका असे तिघेही हमखास कारखान्यात असतात. मुदत दोन वर्षांची असली तरी ती दरवर्षी पुढे सरकवायची, शोप्रेफ या आज्ञेने प्रत्येक किल्लीची यादी पाहायची आणि नवी सार्वजनिक प्रत ग्राहकाला पाठवायची, असे रजिस्टरमध्ये लिहिले आहे. त्याच पानावर काकांनी आपल्या नव्या किल्लीचे फिंगरप्रिंट पेन्सिलीने उतरवले. जुन्या पासफ्रेजवर मात्र त्यांनी काट मारली नाही, शेजारी "फक्त जुनी पत्रं" असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना पाठवलेला संदेश फौंड्रीत उघडला, आणि वरच्या ओळीत एईएस२५६ होते.